बोर्डो लावलेला टब

तीर्थस्वरूप नत्थुजींस,

वरूडहून कमलाकांतचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि अकोल्याची धूळ, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. सरोजिनी उपचाराला तुमच्याकडे आल्यापासून तुम्ही दर फोनला "सुधारून राहिली" म्हणता, आणि ते ऐकल्याशिवाय मी ताटावर बसत नाही.

पत्रास कारण टब. आंबिया बहार दृष्ट लागण्याजोगा आला होता त्या वर्षी तुमच्या बहिणीने नागपूरला संत्री टाकून परतणाऱ्या ट्रकमधून हट्टाने आणवलेला, तोच तो पांढरा अ‍ॅक्रिलिकचा. (गल्ली बघायला लोटली होती. शेजारच्या पुंजाजींनी यात संत्री धुवायची की नवरदेव, असंही विचारलं होतं.) सरोजिनी त्यात पडून गुणगुणायची आणि मी बाहेरून उगाच "झालं का?" म्हणायचो. पुढे बोअर कोरडं पडलं, टब अंगणात आला आणि त्यात टँकरचं पाणी साठू लागलं. मी तो नेमका दगडांवर ठेवला. भरल्या टबाचं बूड तडकलं.

आता संत्रेवाल्या माणसाला चीर दिसली की तो काय करतो? खरवडतो आणि बोर्डो लावतो. मीही मोरचूद आणि चुना कालवून, डिंक्या रोग झालेल्या खोडाला देतात तसा जाड थर बुडाला दिला. टब निळा झाला, पाणी निळं झालं, मैनाबाईने (आपल्या धुणंभांडीवाल्या) त्यात खळबळलेलं माझं धोतर निळं झालं. गळती होती तशीच.

मग मोटारसायकलींचं फायबर जोडणारा शाकीब म्हणाला, "काकाजी, चिरीच्या टोकाले बारीक भोक पाडा, मंग चीर पुढं सरकत नाही. मंग घासून फायबरची जाळी ठेवा आन् रेझिन लावा." (स्वतः येतो म्हणत होता. मीच नको म्हटलं, शहाणा ना!) पहिलं भोक टोकाच्या अलीकडे पडलं, दुसरं पलीकडे. आता या टबातून शेवया निथळता येतील. रेझिनमध्ये हार्डनर कमी पडला, ते वाळेचना. शेजारची कोंबडी त्याला चिकटली आणि तिला सोडवताना माझी चप्पल.

तुम्ही म्हणाल, जवाईबापू, एवढा खटाटोप कशापायी? सांगतो. बाग गेली, नत्थुजी. सगळी. उभी वाळलेली झाडं बघवेनात, म्हणून दिवाळीनंतर कुऱ्हाड लावली. तिच्या खिडकीसमोरचं एक तेवढं राखलंय. टबात पाणी टिकलं तरच ते टिकेल. घरी आल्यावर अंथरुणावरून तिला तेवढंच दिसेल; ते हिरवं राहिलं तर मागे बाग आहे असं खपून जाईल. हे लिहिताना मला रडू आलं. वाईट अक्षराबद्दल माफी असावी.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
कमलाकांत

ता. क. अकोल्यात हार्डनर मिळाला तर पाठवा. पण खरी विनंती निराळीच आहे. झाडाला नवी पालवी फुटेपर्यंत सरोजिनीला तिकडेच ठेवून घ्या, आणि बागेचा विषय काढू नका.

आणखी ता. क. पाकीट बंद करणार तोच तिचा फोन आला. म्हणाली, "बाग गेली हे मले मैनाबाईनं तवाच सांगतलं. आन् डाक्टरनं आता इलाज नाही, घरी न्या म्हटलं, ते दादानं तुमाले सांगतलं नाही. तुमी दोघंही सारखेच." मग तिने टबाचं विचारलं. बोर्डो, कोंबडी, सगळं सांगितलं. किती महिन्यांनी हसली ती! हसताना धाप लागली, तरी हसली. म्हणाली, "गळते तं गळू द्या. उचला आन् त्या झाडाच्या आळ्यात नेऊन ठेवा. थेंब थेंब मुळाले जाईन."

ठेवला. हार्डनर नको. आळं ओलं दिसू लागलंय. तिला लवकर घेऊन या, नत्थुजी.