क्लिप वाढवून द्या

३ फेब्रुवारी
नोकरी पक्की! स्टुडिओचे मालक इलियासभाईंनी सकाळीच फोन करून सांगितलं. लेकीला, तनुजाला घेऊन लासूर स्टेशन गाव सोडलं. शहरात छावणी भागात खोली मिळाली, मागच्या गल्लीतच बालवाडी आहे. स्टुडिओ गुलमंडीत, साड्यांच्या दुकानावर. काम लग्नांचे व्हिडिओ एडिट करायचं: सगळं शूटिंग बघायचं, हललेलं कापायचं, आवाज जुळवायचा, गाणी बसवायची. इलियासभाई म्हणाले, काहीही काप बेटा, नवरदेवाचा मामा तेवढा कापू नको. तो भांडायला जिना चढून येतो.

९ फेब्रुवारी
मनकर्णाबाई नावाच्या गिऱ्हाईक आल्या. त्यांचा शिवम दिवाळीत तापानं गेला. चार वर्षांचा, तनुजाएवढाच. आमच्या स्टुडिओनं केलेल्या त्याच्या मावशीच्या लग्नाच्या व्हिडिओत तो क्षणभर दिसतो. वळतो, हसतो, संपलं. म्हणाल्या, लई नाय बाई, थोडं वाढवून दे. मी समजावलं, शूट झालं तेवढंच असतं, त्यापुढं काही नसतं. पटावं म्हणून क्लिपचं टोक ओढून दाखवलं.
ते लांबलं. शिवम हसत कॅमेऱ्याकडं चालत आला. मनकर्णाबाईंनी पडद्यावर हात ठेवला.

१३ फेब्रुवारी
त्या रोज येतात. आणखी थोडं, म्हणतात. आज शिवमनं बुंदी खाल्ली, तोंड सदऱ्याला पुसलं. त्या रडता रडता त्याला रागावल्या.
माझ्या मोबाइलमधला तनुजाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ केक कापायच्या आधीच संपतो. फोन जुना झालाय.

१७ फेब्रुवारी
तनुजाचे सगळे व्हिडिओ आखूड झालेत. ती हसते तिथंच तुटतात. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, पोरगी हसत का नाय आता? घरी मी तिला गुदगुल्या केल्या. नुसती बघत राहिली.

१९ फेब्रुवारी
आता क्लिप ओढणार नाही, मी म्हणाले. मनकर्णाबाई पायाशी बसल्या. तूबी आईच हायेस ना, म्हणाल्या.
ओढली.
शिवम बोलला. आई म्हणाला. आवाज तनुजाचा होता.
घरी तनुजाचे ओठ हलले. आवाज नाही—

२० फेब्रुवारी
इलियासभाईंना सगळं सांगितलं. म्हणतात, ती क्लिप पुसून टाक, बेटा. लगेच.
तनुजाला सोबत आणलंय. मनकर्णाबाई खाली बाजारात सदरा घ्यायला गेल्यात, नवा, शिवमच्या मापाचा. आज तो पडद्यातून बाहेर येईल म्हणतात.
त्या वर यायच्या आत पुसायचं. पण पुसलं तर तनुजाचा आवाजही—
तो आई म्हणून हाक मारतोय. तिच्या आवाजात. त्यांना नाही, मला—