नाव तिचं, तुकडा माझा

४ मार्च
आज रुजू झाले! नवी नोकरी, नवी खोली, नवी वही, सगळं एकदमच, म्हणून अक्षरही जरा नीट काढते आहे. घरमालकिणीने जिना झाडता झाडता माझं वय, पगार आणि लग्नाचं काय ते विचारून घेतलं, वर स्वतःच्या गुडघ्यांची सगळी हकीकतही सांगितली. बाई बरी आहे. खोलीतून हॉस्पिटलची मागची बाजू दिसते, वाळत घातलेल्या चादरी दिसतात. प्रयोगशाळा चांगली उजेडाची, माझं टेबल तर अगदी खिडकीशी. काम मला येतं तेच. पोटातून काढलेले इवलेसे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे, यंत्राचं चाक फिरवून पात्यावर कागदाहून पातळ कापायचे, काप एकमेकांना चिकटून फीत निघाली की काचेवर घेऊन रंगवायचे. पुढचं बघायचं ते मोठ्या डॉक्टरांनी.

मोठे डॉक्टर म्हणजे आमचे प्रमुख. माणूस मऊ बोलणारा, पण जठराच्या अस्तराचा विषय निघाला की जेवायचंही विसरतो. जुनी सूज, जंतू, धूर यांनी पेशींवर कसा ताण येतो ते त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. त्याला ते ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मी आपली सरळ गंज म्हणते. पेशींना आतून चढलेला गंज आमच्या खास रंगात तपकिरी दिसतो. मग अस्तर पातळ होतं, मग जठराच्या पेशी आपलं काम सोडून आतड्याच्या पेशींसारख्या दिसायला लागतात, मग वेड्यावाकड्या वाढतात. तोवर कॅन्सर नसतो, पण उंबरठ्याशी आलेला असतो. तिथेच पकडला तर माणूस वाचतो, असं डॉक्टर दोनदा म्हणाले. असं काम मिळालं म्हणून मला फार बरं वाटलं.

९ मार्च
इथे एकच कटकट आहे, आणि ती इथे नसतेच. माझ्या आधी या टेबलावर जी होती ती आता वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांना शिकवते. सगळे तिला ताई म्हणतात, मी मनातल्या मनात महाराणी म्हणते. ताई असं करायच्या, ताई तसं करायच्या. शिपाईकाकांनी तर मी चहाचा कप कुठे ठेवावा तेही ताईंच्या रीतीने ठरवून दिलं!

त्याहून कहर म्हणजे तिचं पोट. रंग नीट बसला की नाही हे कळायला रोज एक निरोगी तुकडा सोबत रंगवावा लागतो. त्यात तपकिरी काही दिसता कामा नये. तो तुकडा महाराणींचा, कधीतरी स्वखुशीने दिलेला. येईल त्याला डॉक्टर मायक्रोस्कोपशी बसवतात आणि म्हणतात, अस्तर असावं तर असं. एखादीच्या पोटाच्या अस्तरावर जळणारी बाई जगात दुसरी नसेल. मी जळते. फोनवर आईला सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, दुसरीचं बरं झालं की तुझ्या पोटात दुखतं, हे काय आजचं आहे का.

१९ मार्च
ताईंचा ठोकळा कापून कापून संपत आला. नवा निरोगी तुकडा हवा असं डॉक्टर म्हणाल्यावर मीच पहिली पुढे झाले. घशातून नळी घालून घेतली, डोळ्यांतून पाणी आलं, पण हूं की चूं केलं नाही. डॉक्टरांनी आभार मानले, आणि लगेच महाराणींना फोन लावला! तिनेही तुकडा दिला. रोज वापरायचा तिचा, माझा म्हणे हाताशी असू दे.

दोन्ही तुकडे दुपारी माझ्याच टेबलावर आले, तांदळाच्या दाण्याएवढे. दोन डब्या, दोन नावं. मी माझा तुकडा तिच्या नावाच्या डबीत घातला आणि तिचा माझ्या. दोन्ही निरोगीच, कोणाचं काय बिघडणार आहे? आता रोज कौतुक होईल ते माझ्या पोटाचं. मला एकटीला ठाऊक असलं तरी पुरे.

२७ मार्च
डॉक्टरांनी नवी स्लाइड पाहिली आणि वाहवा केली. ताईंना एवढ्या वर्षांत काही झालेलं नाही म्हणाले. मी इतकी हुरळले की कान तापले. मग जेवताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाहवा झाली ती तिचीच. माझ्या पोटाची, पण तिची. दिवसभर मी चडफडत होते. हात माझेच, कोणाला बोलणार?

११ एप्रिल
चार दिवसांपूर्वी तिच्या नावाच्या, म्हणजे माझ्या स्लाइडवर तपकिरी ठिपके दिसले. रंग जास्त झाला असेल म्हणून पुन्हा केली. तेच. माझ्या नावाची, म्हणजे तिची स्लाइड सोबत रंगवली होती, ती स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, खोल कापत गेलं की कधीकधी निराळं दिसतं. असेलही. पण परवा महाराणी खाली आली, सगळे तिच्याभोवती गोळा झाले, मी कोपऱ्यातून पाहत मनात तिला यथेच्छ शिव्या घातल्या, आणि दुसऱ्या दिवशीच्या कापात ठिपके दुप्पट. योगायोग. मेणात बसवलेला तुकडा मेलेला असतो. त्यात काही वाढत नाही.

२२ एप्रिल
अस्तर पातळ झालं आहे. मध्येच आतड्याच्या पेशी. जठरात आतडं! आपण जे नाही ते व्हायला निघालेल्या पेशी पाहून मला कसंतरी झालं.

डॉक्टरांनी ती स्लाइड बाजूला काढली, ताईंना आजच सांगायला हवं म्हणाले, आणि माझ्या नावाची लावली. बराच वेळ पाहून म्हणाले, तुमचं अस्तर आरशासारखं आहे, आता हाच आपला नमुना. सगळ्यांसमोर! याच शब्दांसाठी मी आल्यापासून झुरत होते. मी हसले. खोटं होतं तरी गोड लागलं.

२६ एप्रिल
महाराणींच्या दुखण्याने अख्खा मजला हळहळतो आहे. काका तिची पिशवी उचलतात. डॉक्टर तिच्याशी बोलताना आवाज खाली आणतात. माझं दुखणं, आणि लाड तिचे! मला घास गिळवत नाही, दोन घासांत पोट गच्च होतं, आणि कोणी विचारत नाही. विचारणार तरी कशाला? माझं अस्तर आरशासारखं आहे ना.

सांगून टाकावं. पण सांगितलं की आरसा तिचा आणि गंज माझा. परगावी जाऊन गुपचूप तपासून घेते. पुढच्या आठवड्यात बाहेरचे डॉक्टर माझी स्लाइड बघायला येणार आहेत, तेवढं होऊ दे.

३ मे
पाहुणे आले. कौतुक झालं. गेले.
ठोकळा नीट पाहिला. इतके काप घेतले, तुकडा संपत यायला हवा होता. तो वाटाण्याएवढा झाला आहे. मेण फुगून तडकलं आहे.

५ मे
कापताना चाक फिरवलं तशी पोटात कळ आली. थांबले, थांबली. पुन्हा फिरवलं —
चार वेळा करून पाहिलं. पातं तिकडे लागतं, मला इकडे.
आईला फोन केला. काही सांगितलं नाही. काय जेवलीस विचारत होती.

९ मे
पेशी वेड्यावाकड्या. उंबरठा. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, पण आता दिवस घालवून चालणार नाही. हे तिला म्हणाले. मी शेजारी उभी होते.

१३ मे
महाराणींची पुन्हा तपासणी झाली. पोट स्वच्छ. सगळे हसत होते, काका तर रडले. मग डॉक्टरांनी ठोकळा हातात घेतला आणि विचारलं,
“मग हे कोणाचं?”
मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली,
“ज्याचं असेल त्याला शोधायलाच हवं, सर. बिचाऱ्याला अजून कळलेलंही नसेल.”
सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. कसं पाहिलं! मी तोंड मिटलं.

१४ मे, सकाळ
डॉक्टर म्हणाले, ठोकळा शेवटपर्यंत कापा, किती खोलवर गेलंय ते पाहू. मला म्हणाले. माझा हात दुखतो म्हटलं, दुसरं काय सांगणार. मग ती म्हणाली, मी कापते. माझ्या टेबलाशी बसली आहे. मी मागच्या स्टुलावर वही घेऊन —

चाक फिरवलं. आई गं —

एक शब्द पुरे. थांबा. माझं आहे. वाचेन मी, वेळ गेलेली नाही, डॉक्टरच म्हणाले. पण मग ती वळून बघेल. दया करील माझ्यावर. ती, माझ्यावर —

पुन्हा. वहीवर घाम पडतो आहे. ठोकळा अर्धा —

काका म्हणतात, बघा, याला म्हणतात हात. खरंच, कापांची फीत सरळ खाली येते आहे, लांबच लांब, माझी कधीच अशी —

उठते. सांगते. आत्ता —

फीत अजून तुटली नाही. मेलीची एकदासुद्धा तु