तीन नकारांचा नियम

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

हेमांगीला वेड लागलंय! आमच्या डिझाइन टीमची प्रमुख, चव्वेचाळीस वर्षांची बाई — आठवड्याची रजा टाकून आमच्याच ॲपवर कामवाली म्हणून नाव नोंदवून आलीय. 'पंधरा मिनिटांत घरी बाई' — हेच ॲप आम्ही बनवतो, घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर एसीत बसून.

कारण मालन. बाळकुमची, आमच्याच ॲपवर कामं घेणारी. शुक्रवारी थेट ऑफिसच्या गेटवर आलेली. "मोबाइल बिघडलाय माझा, काम येत नाय." मोबाइल नाही, तिचा आयडी बंद झालेला. आठवड्यात तीन कामं नाकारली की आपोआप होतो. आम्ही वरून काचेतून बघत होतो. हेमांगी एकटी खाली गेली.

मंगळवार, ४

तो तीन नकारांचा नियम ॲपमध्ये मीच लिहिलाय. मार्चमध्ये, दोन दिवसांत. केदार — कंपनी त्याचीच, पण "सर म्हणू नका, आपण फॅमिली आहोत!" — त्याने सगळ्यांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावलेल्या. मी डोंबिवलीला आईला फोटोसुद्धा पाठवलेला.

गुरुवार, ६

हेमांगीचा फोन. माजिवड्याच्या एका टॉवरमध्ये लागोपाठ चार घरं केली. फिनाइलने बोटं चिरलीत.

"नीरजा, बाथरूम घासायचं — वापरायचं नाही!"

सोसायटीत बायांसाठी संडास नाही. मालनने तिला पहिल्याच दिवशी सांगितलेलं, "मॅडम, सकाळपासून पाणी नाय प्यायचं." हिने प्यायलं. जागा शोधत फिरताना काम आलं, नाकारावं लागलं. असं तीनदा. चौथ्या दिवशी हिचाही आयडी बंद!

ती हसत सांगत होती. मला हसता आलं नाही.

शुक्रवार, ७

आई व्हिडिओ कॉलवर विचारते, चेहरा का उतरलाय. म्हटलं, ट्रॅफिक.

सोमवार, १०

आज महिन्याची मीटिंग. हेमांगी उभी राहिली. दोन बोटांना पट्ट्या. काय झालं ते नुसतं सांगितलं, आवाज न चढवता.

केदार म्हणाला, "इमोशन बाजूला ठेवू. डेटा काय म्हणतो? नियम आल्यापासून नकार निम्मे झालेत."

"डेटात लघवीचा रकाना नाहीये, केदार."

कोणीतरी खोकलं. तो हसला. "आपण या बायकांना उद्योजक बनवतोय. उद्योजक कारणं देत नाही."

"मग त्या उद्योजक बाईला आपल्या ऑफिसचं तरी टॉयलेट वापरू दे. मालनला गेटवरच अडवलं ना आपण?"

मग तो माझ्याकडे वळला. "नीरजा, तुझाच नियम. सांग ना सगळ्यांना, का केला ते."

तीस माना वळल्या. आणि हेमांगी काय म्हणाली?

"तिला मध्ये घेऊ नकोस. टाळ्या आपण सगळ्यांनी वाजवल्या. मीपण."

कसली बाई आहे ही! मुलगी बारावीला, नवरा दोन वर्षं घरी बसलेला — नोकरीची गरज माझ्यापेक्षा तिला जास्त. तिच्या जागी मी असते तर? सरळ बोट दाखवलं असतं, ही बघा, हिने केलं. मी तर 'हो, मी केला' एवढंसुद्धा बोलू शकले नाही.

मंगळवार, ११

सकाळी अकराला नियम बंद केला. कोणाला विचारलं नाही. दोनशे सत्तर आयडी एकदम सुरू झाले, मालनचा पण. मग केदारला जाऊन सांगितलं — मी केलं. उद्यापर्यंत तो परत चालू करेल, माहितीय. त्याने माझा लॅपटॉप मागितला. दिला.

खाली येऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले. पाच मिनिटांनी हेमांगी आली. हात मोकळे. तिनेही लॅपटॉप केदारला देऊन टाकला होता.