वाढत्या अंगाचा झगा

मंगळ., ४ मार्च. लीड्स
अखेर सतरा नंबरचा खोका उघडला. तीन आठवडे जोनच्या मागे लागले होते. जोन म्हणजे संग्रहालयाच्या कापडकोठीची मालकीणच, कागदोपत्री कॉन्झर्व्हेटर. दर वेळी "पेशन्स, लव्ह" म्हणून चहा पाजायची आणि परत पाठवायची.

आत लहान मुलाचा झगा. लाल लोकर, मंजिष्ठेचा रंग. बाह्यांसकट जवळजवळ अख्खा! आतापर्यंत दोन वर्षं नुसते तळहाताएवढे तुकडे बघतेय. सोबत जुनं कार्ड, तपकिरी शाईत: 'मुलाच्या थडग्यातून. कॉप्टिक. इजिप्त.' बास. कुठलं गाव, कोणी खणलं, काही नाही.

मोजमापं घेतली. चार-पाच वर्षांच्या मुलाचा असावा. कमरेशी दोन आडवे पट्टे, बाकी कापडापेक्षा गडद. डागासारखे वाटत नाहीत. मग काय?

घरी सांगितलं तर अविनाशचा पहिला प्रश्न: "मूल कशाने गेलं?" नवरा असला तरी डॉक्टर तो डॉक्टरच. म्हटलं, अरे, ते सोळाशे वर्षांपूर्वी गेलं, आता तू काय औषध देणार.

गुरु., ६ मार्च
आज बसमध्ये कळलं. समोर शाळेचा स्वेटर घातलेली मुलगी, बाह्या बोटांच्याही खाली आलेल्या. आणि एकदम माझा नाशिकचा शाळेचा निळा स्कर्ट आठवला! आई वाढत्या अंगाचा शिवायची, कमरेखाली आत दुमड घालून. वर्षभराने ती उसवायची. उसवली की आतलं न विटलेलं कापड बाहेर यायचं, गडद निळी रेघ, अख्ख्या वर्गाला दिसेल अशी. त्या रेघेची मला काय लाज वाटायची.

झग्यावरचे पट्टे म्हणजे तीच रेघ. दोन दुमडी उसवल्यात. पट्ट्यांच्या कडांना सुयांची भोकं आहेत, भिंगातून स्पष्ट दिसतात.

म्हणजे ते मूल वाढत होतं. स्टॉप चुकला. पुढून चालत आले, भिजले, पण काही वाटलं नाही.

मंगळ., ११ मार्च
मरियमला दाखवलं. माझी पीएच.डी.ची गाईड, माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. कैरोची कॉप्टिक, म्हणजे तिथली ख्रिश्चन, वाढली इथेच, बोलते अस्सल यॉर्कशायर. मी रेघेची गोष्ट रंगवून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान. पण मोठ्या पुरुषांच्या झग्यांनाही कमरेला दुमड असते, विद्या. चाळीस वर्षांचा माणूस वाढत नाही."

खरंय. मला माहीत होतं, वाचलेलं होतं. मध्यमवर्गीय आयांच्या लेकींना दुमड दिसली की मूल वाढताना दिसतं, त्याला काय करणार. "सिद्ध कर," म्हणाली.

डब्यात सा. खिचडी नेली होती. तिचा ईस्टरपर्यंत उपास आहे. तिच्या उपासाला डाळ चालते, तूप चालत नाही; माझ्या उपासाला तूप चालतं, डाळ चालत नाही. म्हणून तेलातली केली. शेंगदाणे दोन्ही धर्मांना चालतात. तिने डबा पुसून खाल्ला.

शुक्र., १४ मार्च
सिद्ध झालं. जोनने रंग मोजायचं यंत्र लावलं. वरचा पट्टा मध्यम विटलेला, खालचा जवळजवळ कोरा. म्हणजे दोन दुमडी एकाच वेळी उसवलेल्या नाहीत. वरची आधी, मग काही काळ ऊन-धुणं, मग खालची. मोठा माणूस असे टप्प्याटप्प्याने झगा वाढवत नाही. मूल वाढतं म्हणून आई वाढवते.

मरियमचा मेल: "ओके, हे मान्य." तिच्या भाषेत ही मोठी शाबासकी.

आणखी एक: एप्रिलमध्ये खालच्या दालनात छोटी मांडणी आहे, त्यात हा झगा जाणार. लेबल मी लिहायचं!! सत्तावन्नाव्या वर्षी पहिलं लेबल. रेवाला फोन केला. ती लंडनहून ओरडली, "आई, तुझी झगा म्युझियममध्ये येणार?" लेकीचं मराठी असं, पण आनंद शंभर टक्के शुद्ध.

गुरु., २० मार्च
लेबल पाठवलं. शेवटचं वाक्य फार आवडलं आहे मला: 'या मुलाच्या आईने हा झगा दोनदा वाढवला, कारण मूल वाढत होतं.' म्हणजे थडग्यातलं ते मूल नुसतं मेलेलं नाही, आधी दोन वर्षं तरी धावलं, झगा फाडला, बोलणी खाल्ली. मला हेच सांगायचं होतं.

डावीकडे छोटं रफू आहे, वरच्या पट्ट्यावरच. रफूजवळ टाक्यांच्या भोकांची अजून एक ओळ. वहीत 'दुरुस्तीचा भाग' अशी नोंद केली. प्रकरण तीन लिहायला घेतलं. पाय पसरून बसले, दोन कप चहा. सुखात आहे.

रवि., २३ मार्च
भारतातून ताईचा फोन. तिला फोटो पाठवले होते, जोनला विचारून. ताईला संशोधनाचं काही नाही, पण चाळीस वर्षं शिवणक्लास चालवलाय. सगळं ऐकून घेतलं. मग:
"आणि हा तिसरा टाका कसला गं?"
म्हटलं, रफूचा.
"रफूचा टाका असा सरळ जातो होय? ही पण दुमडच. उसवलेली परत घातलीय."
"परत कशाला घालेल? मूल काय लहान होतं का?"
"धाकटीला आला असेल. माझे सगळे तुला नाही आले?"

आयुष्यात दहावीपर्यंत स्वतःचा नवा फ्रॉक घातला नाही, दिवाळी आणि शाळेचा स्कर्ट सोडून. आणि हे मला दिसू नये?

मंगळ., २५ मार्च
सकाळी नऊला जोनच्या दारात. दिवसभर भिंगाखाली. ताईचं बरोबर आहे.

वहीसाठी क्रमाने लिहिते. वरची दुमड उसवली. मग त्या जागी कापड फाटलं, रफू केलं. तिसरी ओळ रफूच्या आरपार जाते. सुई रफूच्या धाग्यांतून घुसली आहे. म्हणजे ती रफूच्या नंतरची. तिची जोडओळ (दुमडीची दुसरी बाजू) चार बोटं खाली, त्या कोऱ्या पट्ट्यातून. म्हणजे दोन्ही दुमडी उसवून झाल्यावर कोणीतरी झगा पुन्हा आखूड केला. पहिलं मूल मोठं झालं. झगा दुसऱ्या, लहान मुलाला आला.

आणि थडग्यातलं मूल ते दुसरं.

जे वाढलं ते मेलं नाही (निदान या झग्यात तरी नाही), आणि जे मेलं ते वाढलं की नाही मला माहीत नाही. माझं आवडतं वाक्य चुकीचं आहे. टाका डोळ्यांसमोर होता, मी तो रफूत ढकलला. कारण मला ते मूल जिवंत हवं होतं, दुसरं काही नाही. स्वतःचा फार राग आला. जोनने न विचारता बिस्किटांचा डबा पुढे केला.

बुध., २६ मार्च
मरियमला फोन करून सगळं सांगितलं. लेबल छपाईला गेलेलं. वाटलं, आता ऐकवणार. ती हसायलाच लागली. "मी कॉलेजपर्यंत भावाचे स्वेटर घातले. मलाही दिसलं नाही. लेबल थांबवते." मग म्हणाली, "पण आता खरा प्रश्न विचार. शेवटची दुमड पुरताना होती की नव्हती?"

हाच तो. दुमड तेव्हा तशीच असेल आणि धागा नंतर सुटला असेल, तर धाकटं मूल मोठं व्हायच्या आत गेलं. मुद्दाम उसवलेली असेल, तर तेही वाढत होतं. आणि इथे रंग मदत करत नाही: उसवल्यावर लगेच पुरलं असेल, तर कापड विटायला वेळच नाही. आता सगळी भिस्त भोकांत अडकलेल्या धाग्यांवर.

रवि., ३० मार्च
पाडवा. घड्याळं एक तास पुढे. म्हणजे ताई आजपासून एक तासाने जवळ आली, साडेपाचाऐवजी साडेचार तास. गुढी मागच्या पॅटिओवर, वाऱ्याने दोनदा पडली, शेवटी अविनाशने वॉशिंग लाइनच्या खांबाला बांधली. रेवा आली होती. श्रीखंड, पुऱ्या. कडुलिंब नाही, त्यामुळे रेवा खूश. दुपारभर झग्याचा विचार केला नाही. जवळजवळ नाही.

मंगळ., ८ एप्रिल
मायक्रोस्कोप. तिसऱ्या ओळीत धाग्याचे चार अवशेष, पांढरं लिनन. तीन टोकं पिंजारलेली, कुजून किंवा ओढून तुटलेली. चौथं, अगदी कडेचं, स्वच्छ कापलेलं!

मी खुर्चीतून उठलेच. जोनने बसवलं. "लव्ह, शंभर वर्षांपूर्वी व्यापारी कात्री घेऊनच बसायचे. कपडा सपाट दिसावा म्हणून काय काय कापलंय त्यांनी." तेही खरं. मग एकच टोक का कापलं? बाकीची का नाही?

शुक्र., ११ एप्रिल
नवं लेबल गेलं, मरियमने एकही शब्द बदलला नाही. 'लाल लोकरीचा मुलाचा झगा. दोनदा वाढवला, एकदा रफू केला, मग पुन्हा आखूड केला. किमान दोन मुलांनी घातला. दुसऱ्या मुलाला तो लांडा होऊ लागला होता का, हे अजून सांगता येत नाही.'

पहिल्याइतकं गोड नाही. पण आता झोप लागते. प्रकरण तीन पुन्हा पहिल्यापासून. आश्चर्य म्हणजे मजा येतेय.

रवि., १३ एप्रिल
ताईला लेबल वाचून दाखवलं. म्हणाली, "बरंय. पण त्या आईला तरी दुमड घालताना काय माहीत होतं?"

मग तिने सांगितलेली गोष्ट मला माहीतच नव्हती. मी सहा वर्षांची, टायफॉइडने सिव्हिलमध्ये. ताईला तिचा पिवळा फ्रॉक लांडा झालेला. आई माझ्या उशाशी रात्र काढून सकाळी घरी यायची, ताईला जेवायला घालायची, आणि माझ्या मापाने त्या फ्रॉकला दुमड घालत बसायची. डॉक्टरांनी अजून काही खात्री दिली नव्हती. शेजारच्या काकू म्हणाल्या, आधी पोर घरी येऊ द्या. आई टाके घालत राहिली.

तो पिवळा फ्रॉक मला आठवतो. दुमड आठवत नाही.
"ती उसवली कधी?" मी विचारलं.
"पुढच्या दिवाळीला. तू हातभर वाढलीस. मीच उसवली, आईचं ब्लेड घेऊन."
"सगळे टाके कापलेस?"
"छे गं. सगळे कशाला कापायचे? कडेचं एक टोक कापायचं आणि धागा ओढायचा. बाकीचे आपले आपण तुटतात."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं, सावकाश. वहीत तारखेसह लिहून घेतलं. मग जोनला मेल केला, मंगळवारी खोका हवा म्हणून.