घणाच्या अंगात मी

२ जून, सोमवार
करारावर सही झाली. माझ्या ‘घण’ कॉमिकवर व्हिडिओ गेम निघणार. पंधरा वर्षं घण काढतो आहे. त्याने फोडलेला प्रत्येक जबडा माझ्या मनगटातून गेला आहे. तेव्हा गेममधल्या घणाच्या हालचाली मीच करणार, असं डिरेक्टरला सांगून टाकलं. काळा चिकट सूट घालायचा, त्यावर चमकणारे गोळे. चारी भिंतींवरचे कॅमेरे हालचाल टिपतात आणि ती गेममधल्या माणसाला देतात. चेहरा नंतर बसवतात, त्यामुळे वयाचा प्रश्न नाही. डिरेक्टर म्हणाला, बघू सर, ट्रायल घेऊ. म्हणजे ठरलंच.
बायको म्हणाली, अहो, परवा गादी उलटताना कंबर धरली होती ना? घणाने एकट्याने अख्खा ट्रक उलटवला आहे, याची तिला आठवण दिली.
उद्यापासून रोज पन्नास जोर.

३ जून
जोर: चार. पाचवा निघाला असता, पण फोन वाजला.

९ जून
ट्रायल. समोर गुंड म्हणून एक स्टंट करणारी मुलगी. सगळे तिला चिमणी म्हणतात. म्हणाली, काका, वेळेवर खाली वाका हं. घणाला आजवर कुणी काका म्हटलेलं नाही.
मी ठोसा मारला आणि थांबलो. ठोसा ऐन भरात असताना थांबवायचा असतो: मूठ गालात रुतलेली, दात हवेत, रक्ताचा धागा ताणलेला. कॉमिकची चौकट तिथेच जमते. मी थांबलो. चिमणी थांबली नाही. तिचं कोपर माझ्या नाकावर बसलं. गोळे लाल झाले. डिरेक्टर ओरडला, हे ठेवा, हे ठेवा! पहिल्याच टेकला पसंती.

१२ जून
फाइटमास्टर वैतागला. म्हणाला, तुम्ही मध्येच पुतळा का होता? मी चौकटीचं शास्त्र समजावलं. तो म्हणाला, साहेब, तुमचा वाचक थांबतो, समोरचा माणूस थांबत नाही. पुढच्याच टेकला चिमणीची लाथ. बरगडीला तडा. चिमणी कळवळून म्हणाली, काका, सांगितलं होतं ना!
पण डिरेक्टर माझ्या पडण्यावर बेहद्द खूश. बाकीचे पडताना अंग सावरतात म्हणे. मला ते जमत नाही. अंगभूत गुण.

१७ जून
दिवसभर पडलो. खुर्चीवरून, जिन्यावरून, टेबलासकट. मान मुरगळून. स्पंजच्या पाइपचा फटका गुडघ्यावर, पाठीवर, कानशिलात. स्पंज नावालाच. विचारलं, घण इतका का पडतो? डिरेक्टर म्हणाला, सर, पडणं आधी उरकून घेऊ. दूरदृष्टीचा माणूस.
मग उठण्याचं कधी? ते चिमणी करते आहे, तुम्ही आराम करा. माझ्या बरगडीची किती काळजी! तात्पुरती माझ्या जागी तिला उभी करतात.

२४ जून
एक दाढ पडली. आज आवाजाचं रेकॉर्डिंग. गळा चिरल्याचा, जळतानाचा, गच्चीवरून खाली येतानाचा. घण कधी मरत नाही, असं मी म्हणालो. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, तुम्ही मरा हो, आम्ही बघतो.
तेरा वेळा मेलो. शेवटच्या वेळी तो उभा राहून टाळ्या वाजवत होता.

११ जानेवारी, रविवार
गेम आला. बायको म्हणाली, मी आधी.
घण गल्लीत शिरला. हलका, चपळ, चवड्यांवर तोललेला. चिमणीची चाल. अंधारातून एक गुंड धावून आला, मूठ उगारली आणि तशीच धरून थांबला. बायकोने त्याचा जबडा फोडला. तो माझ्या आवाजात कण्हला आणि टेबलासकट गेला. मागून दुसरा. तोही थांबला. तिसऱ्याला तिने गच्चीवरून फेकलं.
अहो, हे सगळे तुम्हीच की! बायको हसत होती. हसता हसता तिने चौथ्याचा गळा चिरला. म्हणाली, किती सोपे आहात हो मारायला.
घण कसा लढतो ते दाखवायला मी रिमोट हिसकावून घेतला. पाचवा आला. मूठ उगारून उभा. कसलेली चौकट. घोट्यापासून खांद्यापर्यंत एक सलग रेघ. बटणावर अंगठा ठेवला.
बायको म्हणाली, मारा ना.
मारवेना.
त्याची मूठ खाली आली. घण पडला: हात टेकून, अंग सावरून, हनुवटी छातीशी घेऊन.
पडतासुद्धा येत नाही त्याला.