कॅप्टनचा निरोप

आई, काल तुझी कॅप्टन भेटली. तीच, जिच्या मालिकेसाठी रविवारी सकाळी अर्धी चाळ आपल्या टीव्हीसमोर येऊन बसायची, त्या अंतराळयानाची कॅप्टन. गोरेगावला एका हॉलमध्ये जुन्या विज्ञानमालिकांचा मेळा होता. मुखवटे, बंदुका, यानांची मॉडेलं काचेच्या पेट्यांत मांडलेली, आणि त्या मालिकांत कामं केलेले नट-नट्या टेबलं टाकून बसलेले. रांगेत उभं राहायचं, सही घ्यायची, फोटो काढायचा. पास धाकट्याने आणला. "ताई, तुझी कॅप्टन येतेय. नाही आलीस ना, तर उचलून नेईन," म्हणाला. पन्नाशीला टेकलेली बाई मी, पण सकाळी सातलाच तयार होऊन बसले. थर्माकोलची चिलखतं घातलेली विशी-बाविशीची पोरं आजूबाजूला, आणि मधे मी, खांद्याला ऑफिसची पर्स. यानाचं कंट्रोल पॅनेल जवळून पाहिलं. बटणं म्हणजे बर्फाचा ट्रे आणि मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या, वर चंदेरी रंग. तू मला हे तेव्हाच सांगितलं होतंस आणि मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते. ते मात्र खरं सांगितलंस हो.

तुझं काम मला अजून हुबेहूब आठवतं. अंधेरीच्या सेटवर तू हेअरड्रेसरची मदतनीस, कॅप्टनच्या डोक्यावर तो चंदेरी केसांचा टोप बसवायचं काम तुझ्याकडे. शनिवारी तू टोप घरी आणतेस, दहिसरच्या आपल्या मोरीत रिठ्याच्या पाण्याने धुतेस आणि गॅलरीत पालथ्या कळशीवर वाळत घालतेस. शेजारच्या काकू एकदा संध्याकाळी तो पाहून किंचाळल्या होत्या. मी त्या टोपाला कुणाला हात लावू द्यायची नाही. आणि रोज रात्री तू दारातून आत येते न येतेस तोच मी विचारायची, "आज काय म्हणाली?" तू चपला काढता काढता निरोप द्यायचीस. "कारल्याची भाजी खा, असा कॅप्टनान सांगल्यान हा तुका." मी खायची. कॅप्टन म्हणाली तेल लाव, कॅप्टन म्हणाली धाकट्याला मारू नकोस, कॅप्टन म्हणाली ताप आला की कडू गोळी चावून नाही, गिळून घे. तुझं एक ऐकायची नाही मी, बाबांचं तर त्याहून नाही. पण कॅप्टनचा शब्द म्हणजे शब्द.

काल माझा नंबर आला तेव्हा मी नीट पाठ केलेलं सगळं विसरले. ती म्हातारी झालीय, आई. स्वतःचेच केस आता पांढरे, कापलेले. मी एवढंच म्हटलं, "माझी आई तुमच्या टोपाचं करायची, अंधेरीला." तिने पेन खाली ठेवलं, चष्मा काढला. "दहिसरची? अगं, तिच्यामुळे माझं डोकं चार वर्षं रिठ्यासारखं घमघमत होतं!" आणि मग माझा हातच धरला. "म्हणजे तू ती पोरगी, सायंटिस्ट होणारी! डोक्यात पिना खोचता खोचता तुझंच पुराण लावायची बाई. तुझी दहावी झाली तेव्हा सेटवर पेढे वाटलेन तिने." मला इतका आनंद झाला, काय सांगू तुला. तू गेल्यानंतर तुझ्याबद्दल कुणी असं भरभरून बोललंच नव्हतं. आणि त्याच दमात ती म्हणाली, "मला विचारलंन तिने, पोरगी सायन्सचा हट्ट धरून बसलीय, काय करू? मी म्हटलं, डोळे मिटून घाल. नाही घातलंस ना, तर उद्यापासून माझ्या डोक्याला हात लावू देणार नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मागून कुणीतरी "मॅडम, पटकन ना" म्हणालं. कॅप्टनने विचारलं, "मग? आता काय करतेस?" मी काहीतरी उत्तर दिलं, फोटो काढला आणि बाजूला झाले.

ती रात्र आठव. दहावीचा निकाल लागून आठवडा झालाय, बाबांची कंपनी बंद पडायला आलीय, आणि मी सायन्स नाहीतर काहीच नाही म्हणून दोन दिवस जेवलेली नाही. तू सेटवरून येतेस. जमिनीवर बसून मेथी निवडायला घेतेस, माझ्याकडे बघत नाहीस. मीच विचारते, "कॅप्टन काय म्हणाली?" तू म्हणतेस, "ती म्हणता, सायन्समधे काय नाय. तिनाच कॉमर्स केलला. हिशेब येणाऱ्या बाईक कोण घराबाहेर काढूक शकणा नाय, असा म्हणाली." मी उठते, ताट घेते आणि जेवते. तू मला वर आमटी वाढतेस. दुसऱ्या दिवशी कॉमर्सला नाव घातलं. दोन वर्षांनी धाकटा सायन्सला गेला, पुढे इंजिनिअर झाला, तेव्हासुद्धा मला काही वाटलं नाही गं. मला माझ्या कॅप्टनने सांगितलं होतं ना.

बाहेर धाकटा हातात दोन कटिंग घेऊन उभा होता. "काय मग, ओळखलं का?" मी सरळ विचारलं, "आई ते निरोप स्वतः बनवून सांगायची, तुला माहीत होतं?" तो हसला. "अगं, म्हणजे काय! मलाही सांगायची ना, कॅप्टन म्हणते केस काप. मी कधी ऐकलं?"

"आणि दहावीचं?"

त्याचं हसू गेलं. "यार ताई, मला वाटलं, मोठी झाल्यावर तुला कळलं असेल. तेव्हा घरात दोघांचं झेपणारं नव्हतं."

"तुझं झेपलं," मी म्हटलं. चहाचा ग्लास तसाच त्याच्या हातात ठेवून मी रिक्षा पकडली.

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं, एक मी सोडून. शाब्बास! आई, पैसे नाहीत म्हणाली असतीस. मुलीचं नंतर बघू, आधी मुलाचं, असं म्हणाली असतीस तरी चाललं असतं. मी भांडले असते, घर डोक्यावर घेतलं असतं, तुला नको नको ते बोलले असते. पण तो नकार तुझा असता, आणि मला आयुष्यभर तुझ्यावर सरळ रागवता आलं असतं. माझ्या बाजूचं एकच माणूस होतं जगात, तेच तू फितवलंस. फितवलंस तरी कसं म्हणू? ती बाई तिकडे तुझ्याशी माझ्यासाठी भांडत होती, आणि तू तिचे शब्द घरी येईपर्यंत उलटे केलेस. पेढे वाटलेस म्हणे. सेटवर मुलगी सायंटिस्ट, आणि घरी मेथी निवडत कॉमर्स. कसं जमलं गं तुला? मी रात्रभर तुझी बाजू घेऊन पाहिली. बाबांची नोकरी, भाडं, तुझे सुजलेले पाय, सगळं आठवून पाहिलं. प्रत्येक वेळी त्या आमटीपाशी येऊन अडकते. मी जेवले म्हणून तू किती खूष झाली होतीस! मला वाटलं होतं, ते माझ्यावरचं प्रेम. सुटले एकदाची, असं वाटत होतं ना तुला? मला खूप राग आलाय तुझा. इतक्या वर्षांनी आलाय, आणि भांडायला तू नाहीस.

हे पत्र तुझ्या फोटोमागेसुद्धा ठेवणार नाही. धाकटा दर दिवाळीला फ्रेम पुसतो, त्याच्या हाती लागेल. फाडून टाकेन. पण एक सांगायचं राहिलं. कॅप्टनने विचारलं ना, आता काय करतेस, तेव्हा मी म्हटलं, "कॉलेजात फिजिक्स शिकवते." इतकी खूष झाली ती, दोन्ही हातांनी माझे गाल धरले तिने. रिक्षात मी स्वतःला सांगत होते की तुझी अब्रू राखायला खोटं बोलले, तिच्या मनातून तू उतरू नयेस म्हणून. तसलं काही नाही, आई. मला ते एकदा माझ्या तोंडून ऐकायचं होतं.