पत्त्यापुढचं गाव

संगमनेर,
रविवार दुपार

प्रिय भारती,

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून पत्र लिहितेय. परवा मी ऑफिसचं नाव काढलं आणि तू लगेच ‘दुकानात गिऱ्हाईक आलंय’ म्हणालीस. माझा फोन आला की तुझ्या भावाच्या बियाण्याच्या दुकानात नेमकं गिऱ्हाईक कसं येतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पत्र तू फार तर बाजूला ठेवशील, मध्येच कापू शकणार नाहीस. तर वाच. बातमी चांगली आहे. इतकी, की काल ऑफिसातून खोलीवर येताना मी रस्त्यानं एकटीच हसत होते आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्यानं विचारलं, “काय ताई, लॉटरी लागली का काय?”

तुझ्या शेवटच्या मीटिंगचा दिवस मला अजून आठवतो. पडद्यावर आपल्या संस्थेच्या पशुपालनाच्या वेबसाइटचा रिपोर्ट होता, कुठली पानं किती वाचली गेली त्याचा. गायी-म्हशींच्या पानांचा खांब उंच, कोंबड्यांचा त्याच्या खांद्याइतका आणि तुझ्या शेळ्यांचा खांब जमिनीला चिकटलेला. प्रशांत सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “भारती, मेहनत दिसतेय, वाचक दिसत नाहीत.” तुझं कंत्राट पुढे वाढलं नाही. दोन वर्षं तू एसटीनं बाजार-बाजार फिरून क्यूआर कोडचे स्टिकर चिकटवलेस. जुलाब, लसीकरण, करडांची थंडी, प्रत्येक पान तू आधी तुझ्या आत्याला वाचून दाखवायचीस आणि तिला कळलं नाही तर पुन्हा लिहायचीस. तुला न्यायला आलेला तुझा भाऊ जिन्यात म्हणाला, “झाल्या का इंटरनेटवर शेळ्या राखून?” तू हसलीस. मला ते हसू अजिबात आवडलं नव्हतं. तेव्हापासून तू म्हणतेस, ‘मी ते सगळं सोडलं गं, आता तो विषय नको.’

तू गेल्यावर आकडेवारीचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घरात पहिली पदवी माझी, त्यामुळे सुट्टीला घरी गेले की मी नेमकं काय करते ते आईला दर वेळी नव्यानं सांगावं लागतं. पण या वेळी तिला सांगता सांगता मलाच नीट समजलं, म्हणून तुलाही तसंच सांगते. आपल्या वेबसाइटवर प्रत्येक पानाला एक पत्ता असतो. मोजणाऱ्या यंत्राकडे त्या सगळ्या पत्त्यांची यादी असते. कुणी पान उघडलं की यंत्र तो पत्ता यादीत शोधतं. सापडला तर त्या पानाच्या नावावर एक भेट जमा. नाही सापडला तर ती भेट अगदी खाली, ‘न जुळलेले पत्ते’ नावाच्या ओळीत जाऊन पडते. मीटिंगमध्ये दाखवताना ती ओळ कायम वगळलेली असायची. वेबसाइट सांभाळणारा हर्षल मला म्हणाला होता, “अगं तो कचरा असतो. रोबोट फिरत असतात, काहीबाही उघडतात. तू वरचे खांब बघ.”

मी वरचे खांब बघितले आणि मग एक दिवस, निव्वळ खोडी म्हणून, खालची ओळ उघडली. भारती, तो कचरा गायींच्या खांबापेक्षा उंच होता! आणि पहिलाच पत्ता वाचून माझ्या हातातला चहा तसाच राहिला. शेळी, तिरपी रेघ, लसीकरण, तिरपी रेघ, घोडेगाव. त्याच्या खाली पुन्हा लसीकरण आणि पुढे काष्टी. त्याखाली जुलाब आणि पुढे पुन्हा घोडेगाव. पानंच्या पानं तीच.

स्टिकर छापायच्या वेळी तू घातलेला वाद मला आठवला. सगळीकडे एकच कोड लावू, असं सगळे म्हणत होते. तू म्हणालीस, “आपल्याकडं मानसानं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न गावाचाच असतो ना? मग पानाला पन कळू दे वाचणारा कुठून आलाय ते.” आणि प्रत्येक बाजाराच्या स्टिकरमध्ये तू पत्त्यापुढे त्या बाजाराचं गाव जोडलंस. कोडवर मोबाइल धरला की पान बरोबर उघडायचं, त्यात काही चूक नव्हती. पण मोजणाऱ्या यंत्राच्या यादीत नुसती नावं होती, गावं नव्हती. त्यामुळे तुझ्या स्टिकरवरून आलेला प्रत्येक माणूस थेट कचऱ्यात गेला. हे आईला सांगताना मी म्हटलं, समज, पाकिटावर नाव बरोबर आहे, पण पुढे गाव लिहिलंय म्हणून पोस्टमननं सगळी पत्रं न वाटता एका पोत्यात कोंबली. आई भाकरी थापता थापता म्हणाली, “मंग त्यो पोस्टमन लई येडा हाय. गाव लिव्हल्यावर उलट लवकर पोचाया पायजे.”

दुरुस्ती सोपी वाटली होती, झाली नाही. पत्त्याचा शेवटचा तुकडा कापायचा आणि उरलेला यादीशी जुळवायचा, असा नियम मी आधी लिहिला. दुसऱ्या दिवशी पाहते तर वेबसाइटच्या मेन्यूतून थेट उघडलेल्या पानांची नावंच कापली गेली होती. त्यांच्यात शेवटचा तुकडा म्हणजेच आजाराचं नाव. जुलाब गेला, खुरी गेली, सगळे आजार एका ढिगात. हर्षल खुर्ची फिरवून म्हणाला, “अभिनंदन, तू जिल्ह्यातल्या सगळ्या शेळ्या बऱ्या केल्यास.” मग तू ठेवून गेलेली बाजारांची यादी काढली आणि नियम बदलला. शेवटचा तुकडा त्या यादीत असेल तरच कापायचा, आणि कापलेलं गाव फेकायचं नाही, शेजारच्या रकान्यात ठेवायचं. कुणी पान व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलं की पत्त्याला प्रश्नचिन्ह आणि अक्षरांची शेपूट चिकटते. तिच्यासाठी वेगळा नियम केला. खालची ओळ हळूहळू आटत गेली आणि तुझा खांब वर चढत गेला. तो कोंबड्यांच्या वर गेला त्या दिवशी मी ओरडलेच. गायींच्या वर गेला तेव्हा मात्र शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले. तू तिथे हवी होतीस.

तोपर्यंत विश्वस्तांच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ‘शेळी विभाग बंद करणे’ आलं होतं. म्हणजे तुझी पानं काढून टाकणार, आणि बाजारातल्या स्टिकरवर मोबाइल धरणाऱ्या बाईला कोरा पडदा दिसणार. मी प्रशांत सरांना खांब दाखवला. तो पाहून ते म्हणाले, “सभेत दाखव. पण ही माणसंच आहेत, रोबोट नाहीत, असं कुणी विचारलं तर?” त्याचं उत्तर शोधायला शुक्रवारी रजा टाकून घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेले.

तुझा एक स्टिकर सापडला. उन्हानं पांढुरका पडलाय, एका पिकअपच्या मागच्या फाळक्यावर आहे. गाडीवाल्याचं नाव छगन. मी विचारलं, हा चौकोन कशाचा? तो म्हणाला, “त्यो व्हय? आमाला काय म्हाईत. बाया येत्यात, मोबाईल लावत्यात. एकदा गाडी धुताना मी काढाया लागलो तर त्या राहीबाईनं माजी आयमाय काढली. म्हनली, शेळी घ्यायच्या आदी मी हितं बघती, हात लावशील तर बघ.” तेवढ्यात एक बाई खरंच आली. काखेत करडू, एका हातात मोबाइल. तिनं तोंडानं नव्हे, कोपरानंच मला बाजूला सारलं आणि स्टिकरसमोर उभी राहिली. त्या धक्क्यानं मला उत्तर सापडलं. शुक्रवार हा घोडेगावच्या बाजाराचा वार, म्हणून ती तिथे होती.

सभेला विश्वस्तांचे अध्यक्ष डॉक्टर हनुमंतराव होते, आपले ‘डॉक्टरसाहेब’. जन्मभर जनावरांवर उपचार केलेला माणूस, पण आकड्यांवर विश्वास शून्य. त्यांनी खांब पाहिला आणि तोच प्रश्न विचारला, “पोरी, ही माणसंच कशावरून?” मी पुढचा पडदा लावला. गावाचा रकाना आणि समोर आठवड्याचे वार. घोडेगावच्या भेटी शुक्रवारी उसळत होत्या आणि शनिवारी बसत होत्या. काष्टीच्या शनिवारी उसळत होत्या. मी म्हटलं, “साहेब, रोबोटला बाजाराचा वार कसा कळेल?” डॉक्टरसाहेबांनी टेबलावर अशी थाप मारली की कपबश्या वाजल्या. “अरे, ही तर आपली माणसं! आणि आपणच त्यांना दार लावायला बसलो होतो.” प्रशांत सर उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “रिपोर्ट अपुरा होता. भारतीचं काम अपुरं नव्हतं.” हे मी शब्दाला शब्द लिहितेय, कारण तुला ते मिळायला हवं. विभाग राहिला. नुसता राहिला नाही, शेळ्यांची पानं आता वेबसाइटच्या पहिल्या पडद्यावर येणार. ‘कचरा’ म्हटल्याबद्दल हर्षलनं मला मिसळ खाऊ घातली. दोन पाव जास्तीचे मागवले, मी सोडले नाहीत.

आता ज्यासाठी पत्र लिहितेय ते. सगळे नियम लावून झाल्यावरही खालच्या ओळीत थोडे पत्ते उरले. पुढे गावं होती कुळधरण, राशीन, मिरजगाव. तुझी यादी पुन्हा पाहिली. त्यात कर्जत तालुकाच नाही. मग तारखा पाहिल्या. या गावांहून पहिलं पान उघडलं गेलं ते पाडव्याच्या सुमाराला, म्हणजे तू इथून गेल्यानंतर. ऑफिसातून त्या बाजूला कुणी फिरकलेलं नाही, आणि पत्त्यापुढे यादीबाहेरचं कुठलंही गाव जोडलं तरी पान उघडतं, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊकही नव्हतं. वाचक नाहीत असं सगळ्यांनी सांगितल्यावरही तू स्टिकर लावत राहिलीस, भारते, आणि मला सांगितलंस की सगळं सोडलं. सभेत मी ती गावं दाखवली नाहीत. ती सांगायची तर तूच सांगायचीस. शेळी विभागाला माणूस नेमायचाय. मी तुझं नाव दिलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, “तिचं मन उडालं असेल आता. आधी विचार तिला.” मी मान खाली घालून ‘विचारते’ म्हटलं, कारण मला हसू आवरत नव्हतं. तर विचारतेय. ती तीन गावं यादीत घालणं म्हणजे एका मिनिटाचं काम, पण मी मुद्दाम घातलेली नाहीत. आपल्या रिपोर्टच्या तळाशी आता फक्त तीच उरली आहेत. पत्र मिळालं की पहिल्या एसटीनं ये आणि तुझ्या हातानं जुळव.

तुझी वाट बघणारी, तुझीच
राजनंदिनी